‘येणे’ची रूपं

ती. ताईस धाकट्याचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवतो. वर्षभर प्राचीन इजिप्तच्या भाषेतल्या ‘येणे’ या एकाच क्रियापदाची रूपं जुळवतोय. इथल्या विद्यापीठातल्या माझ्या सरांना घाई नाही. ती भाषा बोलणारे कधीच गेले. मला मात्र वेड लागायची पाळी आलीय.

ते लोक नुसती व्यंजनं लिहायचे, मधले स्वर आम्ही अंदाजाने भरतो. (आई म्हणेल, याचा पगार देतं कोण?)

तुझी पत्रंही हल्ली तशीच येतात. ‘बाबा बरे आहेत, काळजी नसावी.’ मधलं मी भरतो, आणि भरलेलं सगळं वाईटच निघतं. खाली बाबांची एक वाकडीतिकडी ओळ असायची. ती का थांबली?

ताई, हात जोडतो, खरं सांग. ते जमत नसेल तर नुसतं ‘ये’ लिही. त्याचा अर्थ मला कोशात बघावा लागणार नाही.

तुझ्या उत्तरासाठी जीव टांगणीला लागलेला,
धाकटा