डब्यातलं उजवं-डावं

३ फेब्रुवारी, सोमवार

अठ्ठेचाळीस सेकंद! एका द्राक्षाची साल, आतल्या गराला धक्का न लावता! दुर्बिणीच्या ऑपरेशनचा सराव म्हणे महागड्या यंत्रावरच होतो. माझं यंत्र म्हणजे पोह्यांचा प्लास्टिकचा डबा. ऑपरेशन थिएटरमधल्या वॉर्डबॉय रंगनाथमामांनी सळई तापवून अवजारांसाठी भोकं पाडून दिली. आत वेबकॅम, बाहेर माझा लॅपटॉप. द्राक्षंही मामांच्याच दिंडोरीच्या बागेतली. "सोला मॅडम, पण उरलेली खा. लय गोड हायेत."

सगळे घाबरवत होते — पडद्यावर बघून काम करताना सगळं उलटं होतं, हात उजवीकडे नेला की अवजाराचं टोक डावीकडे जातं, सवय व्हायला महिने लागतात. मला चार दिवस लागले. आमच्या सर्जरीच्या सरांनी डबा विभागात मांडून घेतलाय. माझ्या बॅचचा कुंदनही महिनाभर रोज त्यावर बसतोय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज पहिल्यांदा खऱ्या पोटात अवजार धरलं. सर म्हणाले, "उजवीकडे." मी डावीकडे गेले. थेट यकृताकडे! टेकता टेकता राहिलं. सरांनी मनगटच पकडलं. "हात काढ. मागे उभी राहा."

पेशंटला काही झालं नाही. मला झालंय.

७ फेब्रुवारी

हात माझे नाहीतच असं वाटतंय.

९ फेब्रुवारी, रविवार

द्राक्षाचा रस सांडतो म्हणून डब्यात पेपर अंथरला. पडद्यावर बातमीची अक्षरं उलटी! आरशात दिसतात तशी! म्हणजे हा वेबकॅम पहिल्यापासून डाव्याचं उजवं करून दाखवत होता. पोटात जे उलटं होतं, ते माझ्या डब्यात परत सुलटं होत होतं. म्हणून मला चारच दिवस लागले! आणि मी स्वतःला हुशार समजत होते. महिनाभर चुकीचं शिकले, कुंदनलाही तेच शिकवलं.

वेबकॅमचं सेटिंग बदललं. कुणाला बोलले नाही. कोणत्या तोंडाने सांगू?

११ फेब्रुवारी, मंगळवार

कुंदनचा आज हातच चालेना. दहा मिनिटांत एक द्राक्ष, तेही फाटलेलं. "डबा बिघडलाय तुझा," म्हणाला. मी म्हटलं, असेल.

असेल!! काय माणूस आहे मी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रंगनाथमामांच्या पित्ताशयात खडे निघालेत. शुक्रवारी ऑपरेशन. सर शेजारी उभे राहणार, हात कुंदनचा. मामा मात्र खुशीत. "आपल्याच डब्यावर शिकलेला पोरगा हाय, मला कसली भीती?"

मला आहे ना! सांगितलं तर विभागभर हसं होईल, सर परत कधी अवजार हातात देणार नाहीत. नाही सांगितलं तर — सरांना दरवेळी वेळेत मनगट पकडता येईलच असं कुठे आहे? मामांच्या घरी रोज जेवायला बोलावतात मला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं. सरांच्या टेबलाची कड घट्ट धरून, एका दमात. कुंदन तिथेच होता. मामाही, ऑपरेशनच्या संमतीचे कागद घेऊन आलेले. सर म्हणाले, "उद्याचं मीच करतो." आणि मग, "चार दिवस गप्प का बसलीस?"

भीती वाटली, एवढंच. कुंदनने मान फिरवली. मामा कागद गोळा करून निघून गेले. सगळ्यात जास्त तेच लागलं.

१४ फेब्रुवारी, सकाळ

मामांनी स्ट्रेचरवरून सरांना अट घातली. "पोटात कॅमेरा ह्याच मॅडमनी धरायचा. आता उजवं-डावं त्यांच्यापरीस जास्त कुणी तपासणार नाय." सर माझ्याकडे बघत हो म्हणाले.

हात धुवायला जाते.