लिंबं शाबूत राहिली

शनिवार, संध्याकाळ

भंगारातनं जुळवलेली शर्यतीची गाडी आज पहिल्यांदा रस्त्यावर काढली. दार एकीचं, बॉनेट दुसरीचं, इंजिन तिसरीचं. वजन मागच्या चाकांवर यावं म्हणून दाजी आणि मी इंजिन मागं बसवलं. सायलेन्सरचा पाईप अडत होता, म्हणून उलटं फिरवून बसवलं. तिथंच माती खाल्ली.

आक्कानं पूजा केली, पुढच्या दोन्ही चाकांपुढं लिंबं ठेवली. बेळगुंदीच्या रस्त्यावर सगळी भावकी मोबाइल काढून पुढं उभी. मी पहिला गियर टाकला, क्लच सोडला आणि गाडी सुसाट मागं! थेट आप्पांच्या उसात.

इंजिन उलटं बसलं की गियरपण उलटे पडणार, हे मला कसं सुचलं न्हाई? आता पुढं जायला एक गियर, मागं जायला चार. आणि उद्या निपाणीला शर्यत!

आप्पा टपावरचा पाला झाडत म्हणाले, "इंजिन कशाला काढताय? सीट फिरवा की रं."

सगळी हसली. मी हसलो न्हाई. सीट फिरवली की वळायची चाकं मागं जाणार, पण शर्यत तर सरळ रस्त्याची. वळायचंय कुणाला?

दाजी सीटचे बोल्ट सोडवतायत. आक्का लिंबं घेऊन दारात उभी हाय, एकालाबी चीर न्हाई. विचारतेय, "उद्या कुठल्या बाजूला ठेवू?"