साहेबांची बदली

दादा,

हे पत्र मी पाठवणार नाही, म्हणूनच खरं लिहिते. तुझं बरोबर होतं.

सहा महिन्यांपूर्वी तू भरल्या घरात कप खाली ठेवलास आणि म्हणालास, "तुझ्या शेळ्यांच्या दुधाला बोकडाचा वास येतो." मी म्हणाले, "तुझं नाकच शहरी झालंय!" तू तरातरा निघून गेलास. तेव्हापासून तुझा फोन नाही, माझाही नाही. बाबांचा हट्ट दोघांत सारखाच उतरलाय.

मध्यंतरी आठ दिवस आत्याकडे राहिले. परत येऊन गोठ्याचं दार उघडलं आणि नाक दाबून मागेच सरले. आपला बोकड, साहेब! बाटलीनं पाजून वाढवलेला, म्हणून मी त्याला लाडानं धार काढायच्या जागेशेजारीच बांधत होते. त्याचा वास दुधात उतरत होता आणि माझं नाक त्याला सरावलं होतं.

त्याच दिवशी साहेबांची बदली केली, थेट विहिरीपलीकडे. दोन दिवस त्यांनी बोंबलून गोठा डोक्यावर घेतला. आणि आज सकाळी डेअरीच्या बाई, रोज कॅन उघडून नाक मुरडणाऱ्या, चक्क पेलाभर दूध प्यायल्या. वर विचारतात, "अजून आहे का?" त्या गेल्यावर मी शेळ्यांसमोर नाचले रे!

पण तुझ्यापुढे हे कबूल करायचं? छे! पत्र कपाटात राहील. उद्याच्या बसनं ड्रायव्हरकाकांबरोबर फक्त एक बाटली येईल. झाकण उघड, वास घे आणि काय समजायचं ते समज.

तुझी,
कधीच न चुकणारी बहीण