पाळण्यात कोण होतं

आई, तू विसरभोळी, म्हणून आधी ओळख सांगते. साखरेचा डबा काखेत धरून घरभर साखर शोधणारी तू. तिकडं जाऊन इतकी वर्षं झाल्यावर लेक लक्षात ठेवली असशील असं वाटत नाही. मी तुझी थोरली. नाक तुझं, रंग बाबांचा, आणि त्याबद्दल दोघांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. मी सांगतेय आणि सून लिहितेय. तिला म्हटलं, बोलते तसंच लिही, व्याकरण तुझ्या माहेरी पाठवून दे. ती हसली. आता तिनं काय लिहिलं ते तिलाच ठाऊक.

आपल्या घराला पाटी लागली. दाराच्या उजव्या अंगाला, काळा गुळगुळीत दगड, त्यात पांढरी अक्षरं. ज्यांची गाणी पोरं प्रभातफेरीत म्हणतात, ज्यांना सगळा देश आपला कवी म्हणतो आणि जे गेल्या साली वारले, ते या घरात जन्मले, असं तिच्यावर आहे म्हणे. तू विचारशील, कोण कवी? अगं, मागच्या दोन खोल्यांत कोर्टातला कारकून बिऱ्हाड करून राहायचा, त्याचा मुलगा. पुढं कारकुनाची बदली झाली आणि माणसं गेली. बाबांचं नाव कुठं आहे, म्हणून मी लेकाला विचारलं, तर तो म्हणाला, "आई, पाटी घर बांधणाऱ्याची नसते." शेजारीण पदर सावरत बघायला आली. म्हणाली, "मावशी, आता हितं गोधड्या वाळत घालता यायच्या न्हाईत की." मी म्हटलं, "का? कवीला काय थंडी वाजत नव्हती?"

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण दगडावरचं फडकं काढलं, भाषणं झाली, आणि फेटेवाले वकीलसाहेब माझ्याकडं वळले. "आजी, तुम्ही तेव्हा या घरात होता ना?" "माझंच घर, मी नाही तर काय तुम्ही असणार?" लोक हसतात. मला बरं वाटतं. "मग त्यांना पाहिलंत?" मी म्हणते, "पाहिलं म्हणजे? पाळणा हलवलाय की." आणि मग थांबले असते तर मी कसली. पुढंही सांगितलं: वाकले की माझी वेणी पाळण्यात पडायची, बाळ ती दोन्ही मुठींत धरून तोंडात घालायचं, दात नसलेल्या हिरड्यांनी चघळायचं, आणि सोडवायला गेलं की खुदकन हसायचं. वकीलसाहेबांनी ते मोठ्या आवाजात, सजवून सगळ्यांना सांगितलं. टाळ्या पडल्या. माझ्या गळ्यात हार आला.

हार काढून खुंटीला लावला आणि मग डोक्यात आलं, की ते बाळ तर माझा भाऊ होता.

होता ना? तेच तुला विचारायचंय. स्वयंपाकघरामागच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत आधी कारकुनाची बायको बाळंत झाली आणि पाठोपाठ तू. तीच बाज, तीच शेगडी, तोच ओव्याशेपांचा धूर. पाळणा एकच, आपला. कधी तिचं बाळ त्यात, कधी तुझं. दोघांच्या कपाळाला काजळाची तीट, दोघांच्या मनगटांत काळे मणी. तिला ताप आला तेव्हा तिचं पोर तुझ्याच पदराखाली असायचं, म्हणजे तू पाजतेस एवढं आठवून काही उपयोग नाही. मग एक बाळ गेलं. दात यायच्या आधीच गेलं. मी विचारलं, "बाळ कुठं गेलं?" तू म्हणालीस, "भाकरी खा." पुन्हा कधी त्याचा विषय निघाला नाही. वारस उरला नाही म्हणून पुढं माझ्या नवऱ्याला घरजावई करून आणलंत. भाऊ गेला याचा तेवढाच काय तो पुरावा.

माझ्याकडं त्याचं दुसरं काही नाही गं. तोंड आठवत नाही. ती ओली वेणी तेवढी आहे, ती जन्मभर त्याची म्हणून जपली, आणि चार माणसांनी टाळ्या वाजवल्या तर देऊन मोकळी झाले. आता परत मागायची कुणाकडं? सून म्हणते, "सासूबाई, कवींचीही असेल की." असेल. कारकुनाचं पोर हसरं होतं. पण आपलंही हसरंच असणार ना, तुझंच होतं. रात्री वाटतं, त्याचीच. सकाळी चूल पेटवताना वाटतं, छे, पाच-सहा वर्षांच्या पोरीला काय कळतंय. काल शाळेतली पोरं रांगेनं आली, पाटीला फूल वाहून गेली. मास्तर मला म्हणाले, "ती वेणीची गोष्ट सांगा की आजी." मी सांगितली. नाही म्हणता आलं नाही. सांगता सांगता या खेपेला पाळण्यातल्या बाळाला कवीचे ते फोटोतले डोळे आले, आणि मी घाबरले.

पत्र कुठं टाकायचं, असं सून विचारते. टाकायचं कुठं, राहू दे फडताळात. एक कबूल करते, ते मात्र लिही गं. दुपारी सगळे निजले की मी पाटीवरून हात फिरवते. वाचता येत नाही, त्यामुळं तिथं कुणाचं नाव आहे ते बोटांना सांगावं लागत नाही.

सर्वपित्री जवळ आली. दात न आलेल्याला पान नसतं, असं भटजी सांगतात. नसू दे. तुझ्या पानावर खीर, वडे, गवारीची भाजी सगळं येईल. त्याच पानाच्या कडेला थोडा दूधभात पाठवते, मऊ कालवून. तो तू खाऊ नकोस, त्याला भरव.