उष्टा घास

९ जानेवारी

कानाच्या तपासणीत बाळ पुन्हा नापास! पहिल्या वेळी म्हणाले होते, कानात पाणी असेल. आज तेही म्हणाले नाहीत. मशिनवाली बाई वायरी गुंडाळत राहिली, माझ्याकडे बघेचना. वर लघवी तपासायला घेतली. कानासाठी लघवी कशाला? तर म्हणे, "डॉक्टर सांगतील."

१४ जानेवारी

सांगितलं. विषाणू आहे. नाव एवढं लांबलचक की डॉक्टरीणबाईंनाही दोनदा सांगावं लागलं — सायटोमेगॅलो असं काहीतरी. मोठ्यांना झाला तर नुसती कणकण, लहान मुलांना बहुतेक वेळा तेवढंही नाही. पण दिवस गेलेल्या बाईला झाला तर वारेतून बाळापर्यंत पोचू शकतो. पोचतोच असं नाही. माझ्या बाळापर्यंत पोचला.

दोन्ही कान. डावा जवळजवळ पूर्ण गेलाय.

"सुरुवातीच्या महिन्यांत ताप वगैरे आला होता?" आला होता की! चष्म्याच्या दुकानात सेल होता, गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेमी बसवता बसवता अंग मोडून आलं होतं. म्हटलं, या दिवसांत होतंच असं. मीच माझी डॉक्टर, मोठी शहाणी!

मग विचारलं, "मोठी मुलगी पाळणाघरात जाते? तिचं उष्टं वगैरे खायचात?"

दोन्हीला हो म्हटलं.

१५ जानेवारी

काल पुढचं लिहवेना. आज लिहितेच.

मोठीला आम्ही खार म्हणतो ते उगाच नाही. घास गालात साठवून ठेवते. रोज दुकानातून मी थेट पाळणाघरात जायचे, पोटात कावळे ओरडत असायचे. घराचा जिना चढताना तिच्या डब्यातलं उरलंसुरलं मीच संपवायचे — चावलेलं बिस्किट, चोखून मऊ केलेली सफरचंदाची फोड. खार कंटाळली की गालातला घास माझ्या तळहातावर काढून द्यायची आणि मी तोही तोंडात टाकायचे. लेकराचं कसलं आलंय उष्टं, म्हणायचे. केवढी ऐट होती मला त्याची!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचा दोष नाही. बहुतेक आयांना हे ठाऊकच नसतं." मग सांगत का नाही कुणी? सोनोग्राफीच्या खोलीबाहेर तासन्‌तास बसले होते मी. भिंतीवर गुबगुबीत बाळांचे फोटोच फोटो. चमचा वेगळा ठेवा, एवढं एक वाक्य नाही!

२१ जानेवारी

बाळाच्या उशाशी स्टीलचं ताट आपटून पाहिलं. तो झोपलेलाच. खालच्या मजल्यावरच्या बाई मात्र भांडायला वर आल्या.

२ फेब्रुवारी

सासूबाई म्हणतात, "आमची सगळी पोरं एका ताटात जेवली, कुणाला काही झालं नाही." झालं! म्हणजे फक्त माझंच नशीब फुटकं.

नवरा बिचारा समजूत घालायला गेला. "अगं, खारीचं तर मीही चाटूनपुसून खाल्लंय." म्हटलं, तुझ्या पोटात बाळ नव्हतं! जेवण टाकून उठला. बोलायला नको होतं.

११ फेब्रुवारी

बाळाचं औषध चालू आहे. कानाची मशिनं पुढच्या महिन्यात. लवकर सापडलं हे चांगलं, म्हणतात. चांगलं!

ताईचा फोन आला आणि बांध फुटला. "खारीच्या थुंकीतून आलं गं! बाळाचे कान गेले!" — किती वेळ तेच तेच बोलत होते. खार तिथेच फरशीवर चष्म्याची रिकामी खोकी रचत होती.

हल्ली तिचा चमचा वेगळा, पेला वेगळा. बाळाकडे निघाली की मी ओरडते. डॉक्टरांनी असं काही सांगितलेलं नाही. तरी ओरडते. काल पापी द्यायला आली तर माझं तोंड आपोआप बाजूला झालं.

१६ फेब्रुवारी

पाळणाघरातल्या काकू म्हणाल्या, "दिवसभर तोंडावर हात धरून बसलीये. खाल्लं नाही, बोलली नाही. दाढ दुखतेय का बघा." जिन्यात बसवून हात काढायला गेले, काढू देईना. मग बोटांच्या फटीतून म्हणाली, "आई, मी थुंकी बंद केलीये. आता बाळाचे कान परत येतील ना?"