हजेरीतले ठिपके

गुरुवार, मधली सुट्टी

प्रिय धाकटे,

तुला आणि भिंगरीला आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा सोडला तर. शाळेत चाचण्या चालू आहेत, वह्यांचा ढीग टेबलावर आहे आणि तो तपासायचा सोडून मी हे लिहीत बसलेय. शिपाईमामांच्या हाती भिंगरीचं दप्तर पाठवतेय, पत्र त्यातच आहे. डबा मी दोनदा घासलाय, तरी तू पुन्हा घासशीलच.

दोन गल्ल्या पलीकडे राहून पत्र कसलं लिहितेय, म्हणशील. अगं, समोर आले की तू रडायला लागतेस आणि मी तुझी पाठ थोपटत बसते. सगळा घोळ तिथेच होतो.

भिंगरीची जागा तिसऱ्या रांगेत तशीच ठेवलीय. तिला फिटचा झटका आला की काय करायचं, तो पोरांचा सराव काही सुटलेला नाही. काल मागच्या बाकावरची एक मुलगी पेंगून घसरली, तर चौघांनी लगेच बाक ओढले, एकीने स्वेटरची घडी करून डोक्याखाली सारली आणि मॉनिटर घड्याळाकडे बघून आकडे मोजायला लागली. त्या बिचारीला नुसती झोप लागली होती. सगळा वर्ग हसला, मीही हसले, आणि मग बराच वेळ फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

मोठ्या बाईंनी सगळ्या शिक्षकांसमोर माझं कौतुक केलं. भिंगरी वर्गात पडली तेव्हा तिला कुशीवर वळवलं, तोंडात काही कोंबलं नाही, पाच मिनिटं होताच नाकात स्प्रे मारला, गाडी बोलावली. खरंय, तेवढं मी नीट केलं. तरी तो झटका चाळीस मिनिटं थांबला नाही. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, ‘मावशीच वर्गावर होती म्हणून पोर हाती लागली.’ मी चहा पीत ऐकून घेतलं.

तू जेवत नाहीस असं तुझा नवरा सांगत होता. त्या सकाळी गोळी द्यायची राहिली, माझ्यामुळे पोरीचा उजवा हात लुळा पडला, असं येईल-जाईल त्याला सांगत बसतेस म्हणे. एका गोळीने एवढं होतं की नाही, मला माहीत नाही, मी काही डॉक्टर नाही. पण त्याच्या आधीचं मला माहीत आहे.

निळी वही आठव. शाळा सुरू झाली तेव्हा मोठ्या बाईंनी अट घातली होती, महिन्यात तीनपेक्षा जास्त झटके आले तर पोरीला घरी ठेवा, आमच्याकडे तेवढी माणसं नाहीत. तू तेव्हा नुकतीच पुन्हा कामावर जायला लागली होतीस. भिंगरी अडखळत का होईना, वाचायला लागली होती. झटका आला की तारीख, वेळ, किती सेकंद, सगळं वहीत लिहायचं काम माझं. ती पडायची ते मी लिहिलं, ते सगळ्यांना दिसायचंच. पण ते दुसरे, बोलता बोलता थांबायची, नजर खिळायची, ओठ चघळल्यासारखे हलायचे, हात नुसता बटण चाचपत राहायचा, ते वीस-तीस सेकंदांचे. पोरांना वाटायचं, तंद्री लागलीय. मीही तसंच म्हणायचे. तेही झटकेच, हे डॉक्टरांनी मला तुझ्यादेखत सांगितलं होतं.

ते मी लिहिले नाहीत. एकही नाही.

वाटलं, कुणाचं काय बिघडतंय. पोर शाळेत राहते, तुझी नोकरी राहते, मोठ्या बाईंचं तोंड बंद राहतं. मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं, खोटं कशाला सांगू. मग तू ती वही डॉक्टरांना दाखवलीस. तीन महिन्यांत दोनच झटके बघून ते खूश झाले, आणि पोर सारखी पेंगते म्हणून त्यांनी गोळ्या कमी केल्या. तू तडक माझ्याकडे येऊन मला मिठी मारलीस. तेव्हा सांगता आलं असतं. नंतर ते थांबणं जवळजवळ रोजचं झालं. तेही लिहिलं नाही, कारण आता लिहिलं तर आधीचं का नाही लिहिलं, हे कुणीतरी विचारलं असतं. गोळ्या कमी केल्यापासून एकोणिसाव्या दिवशी ती पडली.

दवाखान्यातल्या बाकावर तू म्हणालीस, ‘ताई, मी गोळी विसरले गं.’ मी म्हणाले, ‘होतं असं.’ आणि तुझी पाठ थोपटली. धाकटे, मी तुला माफ केलं. मी, तुला. या हाताची मला किळस येते.

शनिवारी डॉक्टर नवं औषध ठरवणार आहेत, तेही त्याच वहीवरून. म्हणून आता गप्प बसून चालणार नाही. ती अशी थांबली की मी हजेरीपटात तिच्या नावापुढे पेन्सिलीचा बारीक ठिपका द्यायचे. का द्यायचे कुणास ठाऊक, इतक्या वर्षांच्या मास्तरकीची खोड. मागच्या कागदावर सगळ्या तारखा उतरवल्यात. सेहेचाळीस आहेत, काही दिवशी दोन-दोन. हा कागद डॉक्टरांच्या हातात दे. विसरू नकोस असं लिहिणार होते, पण तो शब्द तुझ्यासाठी मी पुन्हा कधी वापरणार नाही.

मोठ्या बाईंना आज शाळा सुटल्यावर सांगणार आहे. त्यांचं काय म्हणणं पडेल ते पडो.

मी आपणहून येणार नाही. बोलावलंस तर येईन, दार लावून घेतलंस तरी तुझं चुकलं असं म्हणणार नाही. भिंगरीने परवा मला विचारलं होतं, शाळेत माझं नाव अजून पुकारता का. रोज पुकारते, सांग तिला.

तू आज जेव. तू एकदा विसरलीस. मला सेहेचाळीस वेळा लक्षात होतं.

ताई म्हणून सही करायला हात धजत नाही. हजेरीपटाखाली करते तीच करते.

वर्गशिक्षिका, इयत्ता तिसरी