सगळीकडे शून्य

बोईसर, ता. ११

चि. ज्ञानेश,

तुला आशीर्वाद. वीस तारखेला पित्ताशयाचे ऑपरेशन आहे. मुलगा-सून नीट बघतात, काळजी करू नकोस.

आज हॉस्पिटलात मनाचीही तपासणी झाली. भीती, झोपेची तक्रार, उदासी यांना शून्य ते तीन गुण द्यायचे; शून्य म्हणजे त्रास नाही. ऑपरेशन लांबू नये म्हणून मी सगळीकडे शून्य दिले. समुपदेशक मुलगी इथल्याच पाम गावची. म्हणाली, "मावशी, एवढी शून्यं तर आमच्या डॉक्टरांचीबी नाय येत. घाबरलात तरी ऑपरेशन होनारच हाय." मग तिने मला सावकाश श्वास सोडायला लावला आणि मी रडले. दुखत काहीच नव्हते. मग कशासाठी, ते अजून कळत नाही.

तुझा गुडघा कसा आहे? येऊ नकोस, असे फोनवर मीच बजावले होते. एकोणिसला आलास तर रागावणार नाही.

तुझी,
अक्का